झपाट्याने वाढणाऱ्या महानगरात नोकरीसाठी जावं का? संधी जास्त की हाल जास्त?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय सव्वीस, लहान शहरात बरी चाललेली नोकरी, आणि आता कोटीच्या वर वस्ती असलेल्या, दरवर्षी फुगत चाललेल्या एका महानगरातून बोलावणं आलंय. पगार जवळपास दुप्पट. जावं का, आणि बस्तान बसल्यावर आईवडिलांनाही तिकडे न्यावं का?

अशा एका शहरात मी चौदा वर्षं काढली आहेत. शहराचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की खाली त्या शहरावरूनच भांडणं सुरू होतील आणि तुमचा प्रश्न बाजूला पडेल.

माझं उत्तर 'जा' असंच आहे. पण पगाराचा आकडा बघून ठरवू नका. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत किती मिनिटं लागणार, तो आकडा आधी काढा.

संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात १ कोटी किंवा त्याहून जास्त वस्तीचं शहर म्हणजे महानगर. १९७५ साली जगात अशी ८ शहरं होती, २०२५ मध्ये ती ३३ झाली. त्यांच्या २०२५ च्या मोजणीत सगळ्यात मोठं जकार्ता, सुमारे ४ कोटी २० लाखांचं. मग ढाका, मग टोकियो. आकडे ऐकून छाती दडपते. पण ४ कोटी माणसांच्या शहरात प्रत्यक्षात कुणीच राहत नाही. जो तो राहतो आपल्याला तासाभरात जिथवर पोचता येतं तेवढ्याच तुकड्यात. नगरनियोजक अलाँ बर्तो यांचं म्हणणं असं की शहर म्हणजे मुळात कामगार आणि कामं यांचा बाजार. मला ते पूर्ण पटतं. शहरात तुमच्या लायक पाचशे जागा आहेत, पण त्यातल्या चारशे दोन तासांवर असतील तर तुमच्यापुरतं ते शंभर जागांचं शहर. वाढत्या शहराची गंमत (गंमत कसली!) अशी की दरवर्षी जागा वाढतात आणि दरवर्षी कोंडीही वाढते. नकाशावर शहर मोठं होत जातं आणि तुमचा तुकडा मात्र आक्रसत जातो.

हे मला पहिल्या घरानं शिकवलं. भाडं परवडतं म्हणून शहराच्या पार कडेला घर घेतलं. एका बाजूला दोन तास, म्हणजे रोजचे चार. वर्षाचे २४० दिवस कामाचे धरले तर ९६० तास, म्हणजे आठ-आठ तासांचे १२० दिवस. महिन्याला वीस दिवस धरले तर सहा महिन्यांचं काम मी बिनपगारी, तेही उभ्यानं करत होते. हा हिशेब मी एका रात्री कागदावर मांडला आणि पुढच्याच महिन्यात घर बदललं. नवी खोली निम्म्या आकाराची, भाडं जवळपास दुप्पट, खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडणारी. आजवर मी केलेला सगळ्यात शहाणपणाचा खर्च तोच.

चेझारे मार्केट्टी या इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ साली दाखवलं की माणूस पायी फिरत होता तेव्हापासून आजपर्यंत रोजच्या प्रवासाला साधारण तासभर देत आला आहे. वाहनं वेगवान झाली तशी शहरं पसरली. तास तेवढाच राहिला. त्याच्या वर जो वेळ जातो तो कुठून तरी कापावाच लागतो. माझ्या बाबतीत तो झोपेतून जायचा.

आता इथे घर दाखवणारा एजंट तुम्हाला हमखास सांगेल, "दोन वर्षांत मेट्रो येतेय, मग वीस मिनिटांत पोचाल." नकाशावरच्या तुटक रेषेवर भरवसा ठेवून घर घेऊ नका. आमच्याकडे उड्डाणपूल झाला तेव्हा चार महिने खरंच चैन होती. पाचव्या महिन्यात पुलावर तीच रांग, फक्त दोन मजले उंच. यात नवल काही नाही. ड्युरांतों आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांचे आकडे तपासले, तेव्हा महामार्गांच्या मार्गिका जितक्या वाढतात जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचं फिरणंही वाढतं असं दिसलं. रस्ता रुंद झाला की घरी बसलेल्या गाड्या बाहेर पडतात.

संधींचं म्हणाल तर त्या खऱ्या आहेत, पण लोक सांगतात तशा नाहीत. मी इमारतींच्या लिफ्टच्या देखभालीचे करार तपासते. एवढंच. ज्या गावात चार लिफ्ट आहेत तिथे या कामावर कुणाचं पोट भरणार? इथे उंच इमारतींचं रान आहे, म्हणून हे काम आहे, ते करणाऱ्या पाच-सहा कंपन्या आहेत, आणि म्हणूनच एका साहेबाशी बिनसलं तेव्हा मी राजीनामा देऊ शकले. लहान शहरात त्याच साहेबाचं ऐकत बसले असते. महानगर तुम्हाला पगार वाढवून देतं त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे नोकरी सोडायची सोय देतं. दुसरी नोकरी मला कळली ती संध्याकाळच्या हिशेबाच्या वर्गात भेटलेल्या, वर्षातून दोनदा बोलणं होणाऱ्या एका बाईंकडून. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी हे १९७३ सालीच मांडलंय: नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जिवलगांना माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. तोंडओळखी गोळा करायला महानगरासारखी जागा नाही. अर्थात त्या वर्गाला जायला संध्याकाळ मोकळी लागते. पहिल्या घरात असते तर त्या वेळी मी रस्त्यात अडकलेली असते.

लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये शहरांची आकडेवारी मांडून दाखवलं की वस्ती दुप्पट झाली की मजुरी, पेटंट वगैरे दरडोई साधारण १५ टक्क्यांनी जास्त होतात. मात्र गुन्हे आणि काही संसर्गजन्य रोगही तसेच वाढतात. माणसं एकमेकांना जास्त भेटतात, त्यातून कल्पनाही पसरतात आणि तापही. ही सरासरी झाली. ज्याला कामापर्यंत पोचताच येत नाही त्याच्या वाट्याला मजुरी येत नाही. रोग मात्र घरपोच येतो.

म्हणूनच नोकरीचं पत्र हातात नसताना येणारी माणसं कामाच्या जवळच्या झोपडीत राहतात, दूरच्या पक्क्या घरात नाही. लोक याला अडाणीपणा म्हणतात. माझ्या मते शहराचं गणित त्यांच्याइतकं कुणालाच कळलेलं नसतं. अशांना उचलून शहराबाहेरच्या इमारतींत नेलं की त्यातले बरेच जण काही महिन्यांत घर भाड्यानं देऊन परततात. कोलंबियातल्या मेडेयीननं (महानगर नव्हे, पण उदाहरण चांगलं आहे) २००४ मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना रोपवेनं मेट्रोशी जोडलं. घरं जागची हलली नाहीत, शहर जवळ आलं.

पाण्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि पहिल्या उन्हाळ्यात तुम्हाला सगळ्यात जास्त तेच आठवेल. कागदावर आधी आराखडा, मग गटार, मग रस्ता, मग घर. झपाट्यानं वाढणाऱ्या शहरात क्रम उलटा: आधी घर, मग त्यात माणसं, मग आरडाओरडा, आणि शेवटी पाइप. हे पूर्वीपासून असंच चालत आलंय. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीनं पार्लमेंटला बसवेना, तेव्हा कुठे लंडनच्या भुयारी गटारांना पैसे मंजूर झाले. तोवर लंडनची वस्ती पंचवीस लाखांच्या आसपास गेली होती. नळ पोचला नाही की लोक जमिनीतून पाणी उपसतात आणि जमीन बसते. जकार्ता असंच खचतंय. राजधानी बोर्निओ बेटावर हलवायचा निर्णय इंडोनेशियानं २०१९ मध्ये जाहीर केला, त्यामागचं हे एक मोठं कारण. मेक्सिको सिटी जुन्या तलावाच्या तळावर उभी आहे, तीही उपशामुळे खाली जातेय. घर बघायला जाल तेव्हा मालकाला नको, खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा: नळाला पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, आणि त्याचे पैसे कोण भरतं.

आणखी एक, कारण तुम्ही स्त्री की पुरुष ते लिहिलेलं नाही. दिवसा माझा तुकडा तासाभराचा असतो. रात्री दहानंतर तो स्टेशनपासून घरापर्यंतच्या शेवटच्या किलोमीटरवर ठरतो. तिथे दिवे आहेत का, दुकानं किती वाजता बंद होतात, हे मी भाड्याइतकंच बारकाईनं बघते.

एकटेपणाबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. इथे कुणी काही विचारत नाही, हे मला आवडतं. तापानं फणफणले होते त्या आठवड्यातही कुणी विचारलं नाही. वर्षभरानं दोन-तीन दारं अशी झाली की जिथे किल्ली ठेवता येते. ती आपणच जाऊन करावी लागतात.

राहिले आईवडील. त्यांचा तुकडा आपल्यापेक्षा खूप लहान: पायी दहा मिनिटांत जाता येईल तेवढाच. त्यात दवाखाना, बसायला सावली आणि बोलायला माणूस असेल तर न्या. नसेल तर चौदाव्या मजल्यावर लिफ्टच्या भरवशावर त्यांना कोंडल्यासारखं होईल, आणि लिफ्ट किती वेळा बंद पडते हे मला विचारू नका. शिवाय काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्री उष्णता सोडतं, त्यामुळे शहरातल्या रात्री आसपासच्या उघड्या भागापेक्षा गरम असतात. म्हाताऱ्या शरीराला दुपारपेक्षा या रात्रीच जास्त छळतात. आधी ऐन उन्हाळ्यात दोन महिने त्यांना राहून बघू दे, गावचं घर तोवर मोडू नका. आणि स्वतःसाठी घर पक्कं करण्याआधी कामाच्या दिवशी, ऑफिसच्या वेळेला, तो प्रवास जाऊन-येऊन एकदा करा. रविवारी सकाळी केलेला धरू नका.