तीन जागा, सहा मुलं आणि एक स्वच्छ पँट

प्रश्न : काकू, नमस्कार. मी मूळचा रत्नागिरीचा, आता सॅन होजेला असतो. क्रिकेट कॉलेजपर्यंत खेळलो, बेसबॉल मात्र इथे आल्यावरच पाहिला. यंदा मुलाच्या १३-१४ वर्षांच्या संघाला कोच मिळेना, म्हणून मीच हात वर केला आणि अडकलो. एकूण १३ मुलं. पिचर (चेंडू टाकणारे) जेमतेम दोन, आणि आउटफिल्डर (लांब मागे फिल्डिंग करणारे) म्हणवणारे सहा! त्या सहांत माझा मुलगाही आहे. दर शनिवारी कोणत्या तिघांना बसवायचं, यावरून मैदानावर आणि घरी, दोन्हीकडे तोंडं वाकडी. परवा एका आईनं मला पार्किंगमध्ये गाठून विचारलं, "आमचा काय नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरायला येतो का?" मोठ्या लीगमध्ये हा तिढा कसा सोडवतात?
— हैराण बाबा

उत्तर : हैराण बाबा, मोठ्या लीगमध्येही तो सुटत नाही. तिथे पगार जास्त, म्हणून तोंडं जरा महागात वाकडी होतात, इतकंच.

आम्ही १९८१ साली दादरहून लॉस एंजेलिसला आलो. तेव्हा डॉजर्स या इथल्या संघाचा पिचर फर्नांडो व्हॅलेन्झुएला हे २० वर्षांचं पोरगं सगळ्या शहराला वेड लावत होतं. शेजारच्या मेक्सिकन आजींनी मला वहीत सामना लिहायला शिकवलं, तेव्हापासून डॉजर्सच्या वह्या भरतेय. त्यातली २०१४ची वही तुमच्यासाठी काढली. त्या वर्षी केबलवाल्यांचं आपसात भांडण होतं, त्यामुळे शहरातल्या बहुतेक घरांत सामने टीव्हीवर दिसतच नव्हते. मग स्वयंपाकघरातला रेडिओ लावायचा. नऊपैकी पहिले तीन डाव समालोचक विन स्कली रेडिओवर ऐकू यायचे, तेवढ्यात माझ्या पोळ्या व्हायच्या. वहीच्या काही पानांवर पिठाची बोटं अजून आहेत.

तर त्या संघात आउटफिल्डच्या जागा तीन आणि दावेदार चार. मॅट केम्पला आठ वर्षांचे १६ कोटी डॉलर कबूल केलेले. आंद्रे इथिअरला पाच वर्षांचे साडेआठ कोटी. कार्ल क्रॉफर्डचा सात वर्षांचा १४ कोटी २० लाखांचा करार बोस्टननं केलेला, तो २०१२च्या मोठ्या अदलाबदलीत डॉजर्सनी अंगावर घेतला. चौथा क्युबातून आलेला यासिएल पुइग, चौघांत सगळ्यात स्वस्त आणि प्रेक्षकांचा सगळ्यात लाडका. शिवाय पाचवा स्कॉट व्हॅन स्लाइक होताच. मोसमाची सुरुवात सिडनीच्या क्रिकेट ग्राउंडवर झाली (तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगते), आणि पहिल्याच सामन्यात होमरन (चेंडू थेट कुंपणापार, आपला षटकारच) मारला तो या पाचव्यानं!

केम्प घोट्याच्या दुखण्यातून सावरत होता, म्हणून सिडनीत प्रश्न आला नाही. ४ एप्रिलला घरच्या मैदानावरचा पहिला सामना. त्या दिवशी पुइग उशिरा आला, मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) डॉन मॅटिंग्लीनं त्याला वगळलं, आणि केम्पला जागा मिळाली. म्हणजे पहिला निवाडा घड्याळानं केला. मे महिन्यात केम्पला सलग काही दिवस बसवलं. २०११ साली ३९ होमरन मारून सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा आलेला माणूस तो! आउटफिल्डच्या मधल्या जागी, सेंटर फिल्डमध्ये, त्याचे पाय पूर्वीसारखे पळत नव्हते, हे रेडिओवरूनही कळायचं. पण आपण का बसलोय आणि किती दिवस, हे त्याला नीट कळलं असेल असं मला तरी तेव्हा वाटलं नाही. मग महिनाअखेरीस क्रॉफर्डचा घोटा मुरगळला आणि केम्प लेफ्ट फिल्डला गेला. दुसरा निवाडा घोट्यानं केला.

जुलैत क्रॉफर्ड परतल्यावर मात्र मॅटिंग्लीनं एकदाचं ठरवलं. क्रॉफर्ड लेफ्टला, पुइग सेंटरला, केम्प राइटला. इथिअर बाकावर. मला वाईट वाटलं, इथिअर माझा आवडता. पण त्यानंतर वहीतली केम्पची पानं बघण्यासारखी आहेत. मोसमाच्या उत्तरार्धात त्यानं १७ होमरन मारले, वर्षाचे एकूण २५. उद्या मैदानात कुठे उभं राहायचं हे माहीत असलं की माणूस असा खेळतो, असं माझं मत. आमचे 'हे' म्हणायचे की घोटा बरा झाला म्हणून. असेलही.

आता ७ ऑक्टोबरचं पान. सेंट लुइसमध्ये बाद फेरीचा चौथा सामना, हरलो तर घरी. आधीच्या तीन सामन्यांत पुइग एकामागून एक स्ट्राइकआउट (चेंडू न टोलवताच बाद) होत होता. मॅटिंग्लीनं ऐनवेळी त्याला बसवलं आणि सेंटर फिल्डला कोण? कित्येक आठवडे जवळजवळ बाकावरच असलेला इथिअर. सहाव्या डावात इथिअर तिसऱ्या बेसवर पोचला, म्हणजे धावेपासून एकच टप्पा दूर. चेंडू त्यांच्या कॅचर (आपला विकेटकीपरच) मोलिनापासून थोडासा निसटला, इथिअर दोन पावलं पुढे सरकला आणि मोलिनाच्या फेकीनं बाद झाला. माझ्या वहीत तिथे पेन्सिलीचं टोक मोडलेलं आहे. सातव्या डावात मॅट अॅडम्सनं आमच्या पिचर कर्शॉला तीन धावांचा होमरन मारला, आम्ही ३-२ हरलो. पुइग आला तो नवव्या डावात, नुसता दुसऱ्याच्या जागी पळायला.

पुइगला बसवणं चूक होतं का, यावर आमच्या घरी अजून वाद होतो. मला खटकतं ते वेगळंच. महिनाभर ज्याला सराव दिला नाही, त्याला परीक्षेच्या दिवशी पहिल्या बाकावर नेऊन बसवलं.

म्हणून तुमच्याकडे येते. पेन्सिल घ्या. तुमचा सामना सात डावांचा असणार. जागा तीन, म्हणजे आउटफिल्डचे २१ डाव. मुलं सहा. प्रत्येकी साडेतीन! इतका सोपा भागाकार मॅटिंग्लीच्या नशिबात नव्हता. तिघांना पहिले चार डाव, उरलेल्या तिघांना शेवटचे तीन. पुढच्या शनिवारी उलटं. दर डावाला अदलाबदल मात्र करू नका. सूर्य कुठून येतोय, कुंपण किती पावलांवर आहे, हे मुलाला उमगायलाच एक डाव जातो. लहानपणी खो-खोत आमची पळणाऱ्या तिघींची तुकडी ठरलेली असायची, तसं तिघांचं जमू द्या. कोण कोणाला "माझा, माझा" म्हणून ओरडणार हे त्यांचं त्यांना कळलं की दोघं एकमेकांवर आदळत नाहीत.

एकदा मैदानाबाहेर काढलेला मुलगा परत येऊ शकतो का, आणि बॅटिंग ऑर्डरमध्ये सगळी मुलं घेता येतात का, हे तुमच्या लीगच्या नियमपुस्तकात आधी बघा. मुलांच्या लीगमध्ये याला बऱ्याचदा सूट असते. सगळ्यांना बॅट मिळणार असेल तर तुमचं निम्मं भांडण तिथेच मिटलं. या वयात बसण्याचं दुःख फिल्डिंगचं कमी आणि बॅटचं जास्त असतं.

मोठ्यांचं बघून उजवा-डावखुरा हा खेळ मात्र करायला जाऊ नका. मॅनेजर केसी स्टेंगलनं न्यूयॉर्कच्या यांकीज संघात उजव्या हँक बाउअरला डावखुऱ्या पिचरसमोर आणि डावखुऱ्या जीन वुडलिंगला उजव्या पिचरसमोर उतरवलं, १९४९ ते १९५३ सलग पाच वर्षं जगज्जेतेपद घेतलं, आणि तरीही त्या दोघांना ते आवडायचं नाही. तेरा वर्षांच्या पोराला "आज तुला न जमणारा पिचर आहे" असं सांगायचं म्हणजे त्याला ते कधीच जमू न देण्याची सोय.

मला वेगळीच शंका आहे. तुमच्या सहांपैकी खरे आउटफिल्डर किती? इनफिल्डमध्ये, म्हणजे पुढे बेसांजवळ, जमिनीवरून आलेला चेंडू पायातून गेला की कोच पोराला मागे पाठवतात आणि मग ते पोर आयुष्यभर स्वतःला आउटफिल्डर म्हणत बसतं. एका संध्याकाळी सहाही जणांच्या डोक्यावरून दहा-दहा चेंडू मारा. चेंडू बॅटला लागताच ज्याचं पहिलं पाऊल मागे पडतं, तो आउटफिल्डर. जो दोन पावलं पुढे येऊन मग वळतो आणि धावत सुटतो, त्याला हळूच विचारा, "कॅचर होतोस का?" कॅचर सगळीकडे कमीच असतात. डॉजर्सनी तरी शेवटी काय केलं? त्या डिसेंबरात केम्पला सॅन डिएगोला दिला आणि यास्मानी ग्रांडाल हा कॅचर घेतला, वर केम्पच्या पगारातले ३ कोटी २० लाख डॉलर स्वतः सोसले. तुम्हाला निदान वरचे पैसे तरी द्यावे लागणार नाहीत.

आणि कोण कोणते डाव खेळणार हे कागदावर लिहून तो कागद शुक्रवारी रात्री पाठवा, शनिवारी सकाळी नको. यावर मी जरा तावातावानं बोलते, त्याचं कारण सांगते. आमचा धाकटा शाळेच्या संघात असाच पाचवा आउटफिल्डर होता. कोचनं त्याला चार आठवडे ना खेळवलं, ना काही सांगितलं. बेसबॉलची पांढरी पँट धुणं म्हणजे शिक्षा असते, गुडघ्यावरची लाल माती ब्रशनं घासूनही जात नाही. आमच्याकडे ती पँट घडी घातलेली जायची आणि तशीच परत यायची. तिसऱ्या शनिवारी मी ती मशीनमध्ये टाकायला घेतली तर तो म्हणाला, "आई, नको धुऊस, कुठे मळलीय?" चौथ्या आठवड्यानंतर त्यानं बॅट पलंगाखाली सरकवली. त्याला खेळवायलाच हवं होतं असं माझं म्हणणं तेव्हाही नव्हतं, तो काही फार चांगला खेळायचा नाही. पण "तू या महिन्यात शेवटचे दोन डाव धावायला तयार राहा" एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर तो निदान बूट बांधून बसला असता.

तेव्हा पार्किंगमधल्या त्या आईंना पुढचे चार शनिवार कागदावर दाखवा. बसलेल्या मुलाला काम द्या, पण खरं. समोरचा पिचर पहिला चेंडू कुठे टाकतो हे लिहायला द्या आणि डाव संपल्यावर ते सगळ्यांसमोर त्यालाच वाचायला सांगा. उगाच वेळ घालवायला दिलेलं काम मुलांना लगेच कळतं. बाटल्या सगळ्यांनी आपापल्या भराव्यात.

राहिला तुमचा मुलगा. कोचचा मुलगा म्हणून त्याला जास्त खेळवणारे बाप पाहिलेत, पण आपल्या मराठी माणसांत दुसरा प्रकार जास्त. लोक काय म्हणतील म्हणून स्वतःच्याच पोराला दर वेळी पहिला बसवायचा. तेही नको. आडनावाच्या क्रमानं लावा आणि त्याचं नाव येईल तिथे येऊ द्या. गाडीत त्याच्याशी मात्र लाइनअपबद्दल अवाक्षर काढू नका. त्या गाडीत तुम्ही कोच नाही.

प्रश्न : काकू, मी ठाण्याचा. मोबाइलवर बेसबॉलची क्षणचित्रं बघतो. कोट्यवधींचा खेळाडू बाकावर बसवण्यापेक्षा त्याला खालच्या लीगमध्ये खेळायला का पाठवत नाहीत? आपल्याकडे कसोटी संघातून वगळलेला जातो ना रणजी खेळायला?

उत्तर : कारण पाठवता येत नाही. मोठ्या लीगमध्ये पाच वर्षं भरलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय खाली धाडता येत नाही, आणि कोण देईल संमती? म्हणून गर्दीचा फटका नेहमी सगळ्यात धाकट्याला बसतो. त्याच २०१४ साली २२ वर्षांच्या जॉक पीडरसननं डॉजर्सच्या खालच्या संघात, अल्बुकर्कीला, ३३ होमरन मारले आणि ३० बेस चोरले (पिचरचा डोळा चुकवून पुढच्या बेसवर पळाला). तरी वर यायला सप्टेंबर उजाडला, कारण वर चौघे बसलेले. केम्प गेल्यावर पुढच्या वर्षी सेंटर फिल्ड त्याचं झालं.

तेव्हा डॉजर्सच्या नॅशनल लीगमध्ये पिचरलाच बॅटिंग करावी लागायची. पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा डीएच तिथे कायमचा आला तो २०२२ला. आता चौथ्याची सोय बऱ्याचदा तिथे लागते.

आणि हो, खास तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, इथिअर. २०१५ला केम्प नाही, क्रॉफर्ड पुन्हा जायबंदी, मग इथिअर १४२ सामने खेळला. बॅटिंगची सरासरी .२९४ (हजार संधींत २९४ हिट), होमरन १४. आदल्या वर्षी होते चार.