कोचीचे दोन दिवस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : जानेवारीत आम्ही पती-पत्नी, दोन शाळकरी मुले आणि माझी सत्तरीतील आई मुन्नारला जाणार आहोत. त्याआधी कोची पाहायचे आहे. गुरुवारी रात्री एर्नाकुलमला गाडीतून उतरू, शुक्रवार व शनिवार हाती असतील आणि रविवारी सकाळी पुढे निघू. ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यातील एक दिवस आलेप्पीच्या बॅकवॉटरसाठी ठेवायला सांगितले आहे. मुक्काम एर्नाकुलमला करावा की फोर्ट कोचीला, आणि काय पाहावे? आईला गुडघेदुखीमुळे फार चालवत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण निवडलेले दोन्ही वार कोचीच्या दृष्टीने अडचणीचे आहेत, म्हणून आधी तेच पाहू. फोर्ट कोचीशेजारच्या मट्टनचेरी भागातील राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि त्याला लागूनच असलेले परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, शुक्रवारी दुपारनंतर व शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या शब्बाथच्या दिवशी, पाहुण्यांसाठी उघडत नाही. बेत एका दिवसाने पुढे ढकलता आला तर उत्तम. नाही तर शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास सिनेगॉग आणि शनिवारी राजवाडा अशी विभागणी करावी. त्यापायी मट्टनचेरीला दोनदा जावे लागेल, पण फोर्ट कोचीहून रिक्षाने ते अंतर फार तर पंधरा मिनिटांचे आहे.

मुक्काम तिन्ही रात्री फोर्ट कोचीतच करावा. एर्नाकुलमची हॉटेले स्टेशनला जवळ पडतात हे खरे. पण तेथे राहिल्यास दोन्ही दिवस पुलांवरच्या गर्दीतून जा-ये करण्यात वेळ जाईल, आणि फोर्ट कोचीची जी सकाळ व संध्याकाळ अनुभवण्यासाठी एवढ्या लांब यायचे, तीच नेमकी हातची निसटेल. गुरुवारी रात्री स्टेशनवरून थेट टॅक्सी करावी. मुन्नार एर्नाकुलमहून सुमारे १३० किलोमीटर असून घाटामुळे चार-पाच तास लागतात. रविवारी पहाटे रस्ते मोकळे असताना निघाल्यास फोर्ट कोचीचे जादा अंतर जाणवणार नाही.

आलेप्पी या खेपेस सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. येण्याजाण्यातच तीन तास जातील, हाऊसबोटीत अर्धा दिवस जाईल आणि मग कोचीसाठी घाईचा एकच दिवस उरेल. कोचीची खाडी हाही त्याच बॅकवॉटरचा भाग आहे आणि ती साध्या प्रवासी बोटीतून पाहता येते. मुलांना खाडीकाठचे गाव दाखवायचेच असेल, तर शहरापासून जवळ असलेल्या कुंबलंगीला दोन-तीन तास देता येतील.

एवढ्याशा परिसरात इतके काही का एकवटले आहे, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने मुझिरिसचे प्राचीन बंदर गाळाने बुजले आणि कोचीचे बंदर खुले झाले, असे परंपरेने मानले जाते. पुढे मिऱ्यांच्या ओढीने पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये डचांनी त्यांना हुसकावले आणि १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांची जागा घेतली. नव्याने आलेल्यांनी आधीच्यांच्या काही वास्तू पाडल्या, तर काही दुरुस्त करून वापरल्या, म्हणूनच पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास कोचीच्या राजासाठी बांधलेल्या राजवाड्याला आज ‘डच पॅलेस’ म्हणतात.

शुक्रवारी सिनेगॉग पाहताना छतावरच्या झुंबरांइतकेच पायाखालीही लक्ष असू द्यावे. १५६८ च्या या वास्तूच्या जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा बसवलेल्या आहेत आणि त्यांतील कोणत्याही दोन तंतोतंत सारख्या नाहीत, असे सांगतात. मुले त्या जुळवून पाहण्यात रमतील. आत जाताना पादत्राणे काढावी लागतात आणि अंगभर कपडे असावे लागतात. येथील बहुतेक ज्यू कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला निघून गेली असून सिनेगॉगच्या गल्लीत आता मुख्यतः दुकाने उरली आहेत, हे मुलांना समजावून सांगणे मला फार गरजेचे वाटते, नाही तर ती गल्ली केवळ खरेदीची जागा वाटू लागते.

दुपारी आईंना विश्रांती द्यावी आणि चारनंतर किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांकडे जावे. या जाळ्यांसाठी एका जागी अर्धा तास तरी उभे राहावे, कारण त्यांची खरी गंमत छायाचित्रात येत नाही. बांबू आणि सागवानी वाशांचा तो प्रचंड सांगाडा इतका तोलून बसवलेला असतो, की एक माणूस मुख्य वाशावर चालत पुढे गेला की जाळे पाण्यात उतरते. काही मिनिटांनी चार-पाच जण मिळून दोर ओढू लागतात आणि मागच्या बाजूला दोरांना बांधलेले मोठमोठे दगड एकामागून एक खाली येत जातात. बऱ्याचदा हाती मूठभर मासळीच लागते. मच्छीमार पाहुण्यांना दोर ओढायला बोलावतात आणि त्याचे पैसे मिळावेत अशी त्यांची अपेक्षा असते. ती रास्त आहे, फक्त रक्कम आधी विचारून घ्यावी. येथील किनारा मात्र पोहण्याचा नाही, हे मुलांना आधीच सांगावे. त्याच संध्याकाळी कथकलीचा प्रयोग पाहावा आणि प्रयोगाच्या तासभर आधी पोहोचावे, म्हणजे कलावंत रंगभूषा कशी चढवतात तेही पाहता येईल.

शनिवारी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्चला जावे. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि त्याचे दफन येथे झाले. पुढे अवशेष पोर्तुगालला नेले गेले, तरी ती जागा कठडा घालून राखलेली आहे. छताला टांगलेले लांब कापडी पंखे मुलांना जरूर दाखवावेत. त्यांचे दोर भिंतीबाहेर काढलेले असत आणि बाहेर बसलेली माणसे ते ओढत. तेथून सांताक्रूझ बॅसिलिका हे मोठे चर्च जवळच आहे. रविवार प्रार्थनेचा वार असल्याने ही दोन्ही ठिकाणे शनिवारीच उरकलेली बरी.

त्यानंतर राजवाडा. बाहेरून तो इतका साधा दिसतो, की अनेक जण पंधरा मिनिटांत बाहेर पडतात. मात्र राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण चितारलेले आहे. दशरथाच्या यज्ञापासून राम अयोध्येला परतेपर्यंतची कथा तांबड्या, पिवळ्या आणि हिरव्या मातकट रंगांत, एकही कोपरा मोकळा न सोडता रंगवलेली आहे. रामायण ज्यांना घरीच माहीत आहे, अशा आपल्या मुलांनी प्रसंग ओळखत त्या भिंतींपुढून सावकाश पुढे सरकावे.  दालने पाहण्यासाठी जिना चढावा लागतो, तेवढा भाग आईंना जमेल का याचा विचार करावा.

शनिवारची संध्याकाळ पाण्यावर घालवावी. सरकारी बोटीचे भाडे अगदी किरकोळ असते, पण बोट आणि धक्का यांमधली फट ओलांडताना वयस्कर माणसाला हात द्यावा लागतो. आईंसाठी २०२३ मध्ये सुरू झालेली, विजेवर चालणारी वॉटर मेट्रो अधिक सोयीची आहे, कारण तिचा तरंगता धक्का बोटीच्या पातळीतच राहतो. सुट्टीच्या दिवशी फोर्ट कोचीच्या धक्क्यावर मोठी रांग लागते, म्हणून चारच्या आत निघावे, हायकोर्ट धक्क्याला उतरून मरीन ड्राइव्हवर थोडे बसावे आणि काळोख पडताना परतावे. वाटेत लागणारे विलिंग्डन बेट हे बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाची भर घालून तयार झालेले आहे.

प्रश्न : आमचे पूर्वज गोव्याचे. गोव्यातून गेलेल्या कोकणी मंडळींची कोचीत वस्ती आहे असे ऐकतो. थोड्या वेळात तेथे काही पाहता येईल का?
– एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : अवश्य पाहता येईल आणि राजवाडा पाहिल्यानंतर त्याच फेरीत ते जमेल. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलाच्या काळात गोवा सोडून आलेली गौड सारस्वत कुटुंबे मट्टनचेरीत स्थिरावली. तिरुमला देवस्वमचे वेंकटाचलपतीचे मंदिर हे त्यांचे मुख्य देवस्थान, आणि चेरलाई भागात आजही घराघरांतून कोकणी कानी पडते. मंदिर दुपारी बंद राहते, तेव्हा सकाळीच जावे. केरळातील रीतीप्रमाणे पुरुषांना सदरा काढून दर्शन घ्यावे लागते.

या समाजाची एक खूण पार हॉलंडपर्यंत पोहोचली आहे. कोचीचा डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी साह्य करणाऱ्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील निवेदन पहिल्या खंडात आहे. आपल्या परिचयाची अक्षरे साडेतीनशे वर्षांपूर्वी कोचीहून युरोपात जाऊन छापली गेली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. उलट दिशेनेही माणसे गेली : एकोणिसाव्या शतकात कोचीचे ज्यू शिक्षक कोकण-मुंबईतील बेने इस्रायल या ज्यू समाजाला हिब्रू आणि धर्मविधी शिकवण्यासाठी येत असत.

प्रश्न : मुलांच्या परीक्षांमुळे आम्हाला जुलैमध्येच सवड आहे. पावसात कोचीला जाणे योग्य ठरेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : इमारती आणि कथकली पाहायची असेल तर जरूर जावे, हॉटेलांचे दर उतरलेले असतात आणि गर्दी नसते. चेरईसारख्या किनाऱ्यांवर मात्र समुद्रात उतरण्याचा विचारही करू नये. जुलैअखेरपर्यंत केरळात यांत्रिक ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे मासळी महाग मिळते. आपल्याला जळगावहून एर्नाकुलमपर्यंत थेट मंगला एक्सप्रेस आहे. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्या कमी वेगाने धावतात व वेळापत्रक वेगळे असते, म्हणून परतीचे पुढचे आरक्षण लगेचच्या गाडीचे करू नये.

प्रश्न : कोचीहून मसाले आणावेत असे सगळे सांगतात. नेमके काय आणि कोठून घ्यावे?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : सिनेगॉगच्या गल्लीतील दुकाने देखणी आहेत, पण तेथील भाव पर्यटकांसाठीचे असतात, जवळच्या बाजार रोडवर जुन्या वखारी आहेत, तेथे निदान भाव विचारून यावे. दळलेले काहीही घेऊ नये. मिरी, वेलदोडे, जायपत्री आणि सुंठ अख्खी घ्यावी. दालचिनी घेताना जाड, कडक साल आणि कागदासारख्या पातळ सालींची गुंडाळी यांतील फरक दुकानदाराला विचारावा. पातळ सालीची महाग असते आणि तिचा स्वाद सौम्य व गोडसर असतो. मिरी शंका असल्यास थोडीशी पाण्यात टाकून पाहावी : भरलेले दाणे तळाशी बसतात, पोकळ दाणे आणि भेसळीच्या पपईच्या बिया तरंगतात.