मुलाला फॉरवर्डवरून सेंटर बॅकला टाकलंय. या जागेवर करिअर होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा पंधरा वर्षांचा आहे, आत्तापर्यंत फुटबॉलमध्ये फॉरवर्ड (पुढे राहून गोल मारणारा) खेळत होता, नव्या कोचने त्याला सेंटर बॅक (आपल्या गोलसमोर मधोमध राहणारा बचावपटू) केलं. तो घरी तोंड पाडून बसलाय आणि तुम्हालाही वाटतंय की पोराला मागे ढकललं. क्लब बदलावा का, त्याची उंची पुरेल का, आणि या जागेवर व्यावसायिक खेळाडू म्हणून खरंच काही होतं का?

क्लब बदलू नका. निदान या कारणासाठी तरी नको. मी व्यावसायिक खेळाडू नव्हतो, हौशी लीगमध्ये अकरा वर्षं स्टॉपर खेळलो (आमच्या वेळी हाच शब्द होता, सेंटर बॅक नंतर आलं). मलाही सतराव्या वर्षी असंच पुढून उचलून मागे आणलं होतं. महिनाभर मी कोचशी धड बोललो नव्हतो, त्यामुळे तुमच्या मुलाचा रुसवा मला अगदी कळतो.

पण अशी बदली कोच सहसा ढिल्या पोराची करत नाहीत. ज्याला अख्खं मैदान दिसतं त्याची करतात. जागा बदलून मोठे झालेले सेंटर बॅक तर कितीतरी आहेत. स्पेनचा सर्जिओ रामोस राइट बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) म्हणून वर आला. माशेरानो बार्सिलोनात जाईपर्यंत मिडफिल्डमध्ये होता. इटलीच्या माल्दिनीची बरीचशी वर्षं लेफ्ट बॅकला (डाव्या कडेला) गेली. जॉन चार्ल्स तर १९५० च्या दशकात लीड्स आणि युव्हेंटसकडून कधी सेंटर फॉरवर्ड, कधी सेंटर हाफ (सेंटर बॅकचंच जुनं नाव) खेळायचा, आणि दोन्हीकडे अव्वल. जो स्वतः फॉरवर्ड खेळलाय त्याला समोरचा फॉरवर्ड आता कुठे सटकणार हे आधीच कळतं. हे भांडवल तुमच्या मुलाकडे आयतं आहे.

मुलाला एक प्रसंग दाखवा. ३१ मार्च २०१९, लिव्हरपूल विरुद्ध टॉटनहॅम, १-१ बरोबरी, शेवटची काही मिनिटं. टॉटनहॅमचे दोघे सुटलेत, सिसोकोच्या पायात बॉल आणि बाजूला सॉन. मागे लिव्हरपूलचा एकटा व्हर्जिल व्हॅन डाइक आणि गोलकीपर. कच्चा बचावपटू इथे बॉलवर झेपावतो, मग एक साधा पास आणि गोल. व्हॅन डाइक झेपावत नाही. तो मागे मागे सरकत राहतो, दोघांच्या मधल्या रेषेत उभा राहून सॉनकडे जाणारा पास बंद ठेवतो. सॉनचं फिनिशिंग किती धारदार आहे आणि सिसोकोचा डावा पाय किती कच्चा, हे त्याला माहीत आहे. शेवटी सिसोकोला डाव्या पायानेच मारावं लागतं, बॉल बारवरून बाहेर. थोड्या वेळाने लिव्हरपूलने सामना २-१ जिंकला. या सगळ्यात व्हॅन डाइकने बॉलला पाय लावलाच नाही. स्कोअरकार्डावर या कामाची नोंद कुठे करणार?

हीच या करिअरची गंमत, आणि हाच ताप. स्ट्रायकर ८९ मिनिटं झोपला आणि एक गोल मारला तर हिरो. सेंटर बॅक ८९ मिनिटं डोळ्यांत तेल घालून खेळला आणि एकदा चुकला, तर लोकांना तेवढंच आठवतं. माझी स्वतःची अशी एक चूक आहे. उपांत्य सामना, समोरचा फॉरवर्ड मला स्पष्ट ऑफसाइड (आमच्या बचावफळीच्या पलीकडे, नियमाबाहेर पुढे) वाटला, मी हात वर करून लाइन्समनकडे बघत उभा राहिलो. झेंडा वर गेलाच नाही. मी दोन सेकंद पुतळ्यासारखा उभा, तेवढ्यात गोल. ऑफसाइड नव्हताच, पलीकडचा आमचाच बॅक त्याच्याही मागे, गोलजवळ राहिला होता. वीस वर्षं झाली, जुने दोस्त भेटले की अजून कुणीतरी हात वर करून दाखवतोच.

आमचं हसण्यावारी निघालं. वरच्या पातळीवर हे ओझं फार वाढतं. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला आणि दहा दिवसांनी मेडेलिनमध्ये गोळ्या घालून त्याचा खून झाला. हे टोकाचं उदाहरण, मान्य. त्याच स्पर्धेतला इटलीचा सेंटर बॅक फ्रँको बारेसी बघा. नॉर्वेविरुद्ध गुडघ्याचा मेनिस्कस (आतली कूर्चा) फाटला, शस्त्रक्रिया झाली, आणि २४ दिवसांनी हा माणूस ब्राझीलविरुद्ध अंतिम सामन्यात पूर्ण १२० मिनिटं खेळला. ब्राझीलला गोल करू दिला नाही. मग शूटआउटमध्ये पहिली पेनल्टी त्याने बारवरून मारली. जगाच्या लक्षात मात्र इटलीच्याच बाज्जोची चुकलेली शेवटची पेनल्टी राहिली. बारेसीची चूकसुद्धा लोक विसरले, याला नशीब म्हणायचं की काय, देव जाणे.

आता करिअरच्या वेळापत्रकाबद्दल. आईवडील इथेच सगळ्यात जास्त घाई करतात. विंगर (कडेने हल्ला करणारा) अठराव्या वर्षी चमकतो. सेंटर बॅकला तेवढ्या लवकर संधी द्यायला मॅनेजर कचरतात, कारण त्याची प्रत्येक शिकाऊ चूक थेट गोल असते. म्हणून ही पोरं एक-दोन वर्षं लोनवर, म्हणजे उसनी, दुसऱ्या क्लबात, खालच्या डिव्हिजनमध्ये, धिप्पाड फॉरवर्डांच्या कोपरांमध्ये पिकवली जातात. जॉन टेरीसुद्धा सुरुवातीला नॉटिंगहॅम फॉरेस्टला लोनवर जाऊन आला. माल्दिनी सोळाव्या वर्षी मिलानकडून उतरला, पण त्याला मोजमाप धरू नका. व्हॅन डाइक बघा: ग्रोनिंगेन, मग एकविसाव्या वर्षी सेल्टिक, मग साउदॅम्प्टन. नेदरलँड्सच्या संघात पहिला सामना चोविसाव्या वर्षी. लिव्हरपूलने जानेवारी २०१८ मध्ये ७.५ कोटी पौंड मोजून घेतला तेव्हा तो २६ चा होता, आणि २०१९ च्या बॅलन डोरमध्ये (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात) मेस्सीपाठोपाठ दुसरा आला. ब्राझीलच्या थियागो सिल्वाला तर तरुणपणी मॉस्कोत क्षयरोगाने गाठलं, सहा महिने इस्पितळात होता, आणि छत्तिसाव्या वर्षी चेल्सीकडून चॅम्पियन्स लीग (युरोपातली क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) जिंकली.

उशिरा पिकतं म्हणून टिकतंही जास्त. पाय मंदावले तरी अंदाज मंदावत नाही, उलट धार येते. माल्दिनी चाळिशीपर्यंत खेळला, मिलानसाठी ९०२ सामने. पोर्तुगालचा पेपे २०२४ च्या युरो स्पर्धेत ४१ व्या वर्षी मैदानात होता.

सगळ्यांचंच असं होत नाही, हेही ऐकून ठेवा. टॉटनहॅमच्या लेडली किंगचा गुडघा इतका झिजला होता की तो संघाबरोबर सराव जवळपास करायचाच नाही. आठवडाभर पोहणं, जिम, आणि मग थेट सामना. तरी तो लीगमधल्या उत्तम बचावपटूंत गणला जायचा. ३१ व्या वर्षी संपलं. फ्रान्सचा राफाएल वरान, विश्वविजेता आणि चार चॅम्पियन्स लीग नावावर असलेला, तोही ३१ व्या वर्षीच थांबला. त्याआधी काही महिने डोक्याला बसलेल्या मारांविषयी तो उघडपणे बोलला होता.

डोक्याचा विषय मी टाळणार नाही, तुम्ही आईबाप आहात. ग्लासगो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास केला. २०२१ मध्ये त्याची जागेनुसार फोड आली. स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांचं प्रमाण बचावपटूंमध्ये सर्वसामान्य लोकांच्या जवळपास पाचपट निघालं, तर गोलकीपरांमध्ये फारसा फरक नव्हता. ती पिढी जुनी होती, पण हेडिंग (डोक्याने बॉल मारणं) कोण जास्त करतं हे उघड आहे. इंग्लंडमध्ये त्याच वर्षापासून सरावात जोरदार हेडर आठवड्याला दहाच, अशी मर्यादा सुचवली गेली. कोचला एवढं जरूर विचारा की सरावात मुलाकडून आठवड्याला किती हेडर मारून घेतात. विचारल्याचा त्याला राग आला, तर मात्र क्लबबद्दल फेरविचार करा.

उंचीची काळजीही तुम्ही लिहिली आहे. पंधराव्या वर्षी त्यावरून काही ठरवू नका. उंची असेल तर सोपं जातं, हे खरंच. पण २००६ चा विश्वचषक उचलणारा इटलीचा कर्णधार कानावारो जेमतेम पावणेसहा फुटांचा. त्याच वर्षी त्याला बॅलन डोरही मिळाला. बारेसीही साधारण तेवढाच.

उंचीपेक्षा पायांकडे बघा. १९९२ मध्ये गोलकीपरला बॅकपास (साथीदाराने पायाने मागे दिलेला बॉल) हातात घ्यायला बंदी आली, २०१९ मध्ये गोलकिकचा बॉल साथीदाराला पेनल्टी बॉक्सच्या आतच घ्यायला मुभा मिळाली. दोन्ही नियमांनी सेंटर बॅकचं काम पालटलं. आता फॉरवर्ड अंगावर धावून येत असताना त्याला शांतपणे पास काढावा लागतो. नुसता लांब उडवून देणारा वर जात नाही. फॉरवर्ड खेळलेल्या मुलाचा पहिला टच बरा असतो, म्हणून मी भांडवल म्हणालो. मुलगा डावखुऱ्या पायाचा असेल तर आणखी चांगलं. डाव्या बाजूच्या सेंटर बॅकची क्लबांना कायम टंचाई असते.

आणि त्याला बोलायला शिकवा. मी पहिलं वर्ष मुक्याने खेळलो. मग जोडीदार स्टॉपर एका सामन्यानंतर वैतागून म्हणाला, ‘अरे, माझ्या पाठीला डोळे आहेत का?’ त्यानंतर मी सतत ओरडायला लागलो: माणूस मागे, वर चल, सोड, माझा. घसा बसायचा, पण गोल कमी बसायला लागले. तुमचा मुलगा घरी अबोल असला तरी घाबरू नका, मीही अबोलच होतो. पुढच्या सामन्याला गोलच्या मागे उभे राहा आणि त्याचा आवाज येतो का ऐका.