एक्सटीसी या इंग्लिश रॉक बँडचं 'ट्रेन रनिंग लो ऑन सोल कोल' हे गाणं इंग्लंडमधल्या स्विंडनचा रेल्वे कारखाना बंद पडल्याबद्दल आहे का? आणि त्यासाठी तिथलं रेल्वे संग्रहालय बघायला जावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'जरूर जा'.

तुम्ही म्हणताय की हे गाणं म्हणजे कारखान्याचं शोकगीत आहे असं कुठेतरी वाचलं. ऐकायला बरं वाटतं, पण तारखा जुळत नाहीत. हे गाणं ज्या अल्बमच्या शेवटी आहे तो 'द बिग एक्सप्रेस' ऑक्टोबर १९८४ मध्ये आला. कारखाना बंद करायची घोषणा झाली १९८५ मध्ये, आणि २६ मार्च १९८६ ला शेवटचा भोंगा वाजला. म्हणजे गाणं लिहिलं तेव्हा कारखाना रोडावलेला असला तरी चालू होता. जे अजून घडलंच नव्हतं त्याचं शोकगीत कोण लिहिणार?

मग गाण्यातलं कोळसा संपत आलेलं ते इंजिन कोण? माझ्या मते ते लिहिणारा आणि गाणारा खुद्द अँडी पार्ट्रिज. गाण्यातला माणूस तिशीचा आहे, सांगतील तसं वागतोय, आणि जुन्या इंजिनांना आता कोळसा मिळणार नाही असं त्याला सांगण्यात आलंय. पार्ट्रिजचा जन्म नोव्हेंबर १९५३ चा, म्हणजे वयाचा हिशेब बरोबर बसतो. त्याच्या मागची तीन वर्षंही बघा. १९८२ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या रंगमंचावरून तो ऐन कार्यक्रमात निघून गेला, त्यानंतर अमेरिकेचा दौरा रद्द झाला आणि एक्सटीसीने दौरे कायमचे सोडले. त्याच सुमारास ड्रमर टेरी चेंबर्स बँड सोडून ऑस्ट्रेलियाला गेला. माजी व्यवस्थापकाशी वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. आधीचा 'ममर' हा अल्बम फारसा विकला गेला नाही, 'द बिग एक्सप्रेस' ब्रिटनच्या अल्बम-यादीत ३८ व्या क्रमांकापलीकडे सरकला नाही. दौरे न करणाऱ्या बँडकडून रेकॉर्ड कंपनीला मात्र हिट गाणी हवीच होती. अशा माणसाला आपलं इंधन संपत आल्यासारखं वाटलं, तर त्यासाठी कारखाना बंद पडायची वाट बघायला नको.

पण इंधन संपत आलेलं इंजिनच का? बॅटरी उतरलेला टॉर्चही चालला असता की! याचं उत्तर गावात आहे. पार्ट्रिज माल्टात जन्मला, पण वाढला स्विंडनच्या पेनहिल वस्तीत. बँडमधले कॉलिन मोल्डिंग आणि डेव्ह ग्रेगरी दोघे स्विंडनचेच. हे गाव रेल्वेसाठी म्हणूनच वाढलेलं. तिथल्या माणसाला थकव्याबद्दल बोलायचं झालं की भट्टी, घण, रूळ हे शब्द आपोआप तोंडी येतात. 'द बिग एक्सप्रेस'च्या मूळ एलपीचं वेष्टनसुद्धा चौकोनी नव्हतं. ते गोल होतं, इंजिनाच्या चाकासारखं. (दुकानात इतर रेकॉर्डसोबत उभं लावायला ते किती त्रासदायक असेल, हा विचार मला दर वेळी येतो.)

गाणं कसं ऐकायचं याबद्दल दोन शब्द. हा अल्बम बाथमधल्या क्रेसेंट स्टुडिओत, निर्माता डेव्हिड लॉर्डच्या साथीने झाला. चेंबर्स गेल्यामुळे ड्रम काही ठिकाणी पीट फिप्सने वाजवले आणि बरंच काम लिनड्रम या यंत्राकडून करून घेतलं. एरवी मला ऐंशीच्या दशकातली ड्रमयंत्रं सोसत नाहीत, पण इथे ती कोरडी, एकसुरी आदळआपट अगदी चपखल बसते. गाडी स्टेशनातून निघावी तसं गाणं जडपणाने हलतं, मग गिटारी एकमेकींवर घासत वेग घेतात, आणि शेवटी सगळा डोलारा धापा टाकत मंदावतो. आवाजांची गर्दी जास्त झालीय हा आक्षेप मला मान्य आहे. पहिल्या ऐकण्यात ते आवडलं नाही तर तुमचं काही चुकलं नाही.

आता संग्रहालय. त्याचं नाव 'स्टीम', हा कारखाना ज्या कंपनीचा त्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं संग्रहालय. जून २००० मध्ये ते कारखान्याच्याच एका जुन्या इमारतीत उघडलं. इंजिनं बघायची हौस असेल तर यॉर्कचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय कितीतरी मोठं आहे, त्याच्याशी तुलना करू नका. स्विंडनचा मुद्दा वेगळा आहे. इतर ठिकाणी इंजिन कसं धावलं ते दाखवतात, इथे ते कसं घडलं ते दाखवतात. मालाचं कोठार, ओतकाम, बॉयलरचं काम, यंत्रशाळा असं क्रमाने बघत तुम्ही पुढे जाता, मधेमधे कामगारांचे पुतळे आणि ध्वनिमुद्रित आवाज असतात. पुतळ्यांचं मला सहसा वावडं आहे, पण इथे आवाजांमुळे ते निभतं. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यात आलेल्या बायकांचा भाग सावकाश बघा. क्रेन चालवण्यापासून रिव्हेट ठोकण्यापर्यंतची कामं त्यांनी केली.

बॉयलरच्या भागात हे गाणं आठवल्याशिवाय राहत नाही. लोखंडी पिंपात एक माणूस आत बसून रिव्हेट धरणार आणि दुसरा बाहेरून ठोकणार, असं हे काम. बॉयलर बनवणाऱ्यांचं बहिरेपण हा ब्रिटनमध्ये ओळखीचा व्यवसायजन्य आजार होता. गाण्यात सतत वाजणारी धातूची ठणठण मला आधी नुसती सजावट वाटायची. तिथून आल्यावर ती डोक्याच्या आतून येते असं वाटायला लागलं, आणि गाण्यातल्या माणसाची अवस्थाही तीच आहे.

या कारखान्याच्या छायेत लिहिणारा पार्ट्रिज पहिला नव्हे, आणि त्याच्या आधीच्या एकाची गोष्ट मराठी वाचकाला आवडेल. आल्फ्रेड विल्यम्स नावाचा माणूस इथे वीसेक वर्षं वाफेच्या घणावर काम करत होता. काम करता करता तो लॅटिन आणि ग्रीक शिकला. ग्रीक अक्षरं पाठ व्हावीत म्हणून तो ती भट्टीजवळ खडूने लिहून ठेवायचा असं सांगतात. १९१५ मध्ये त्याचं 'लाइफ इन अ रेल्वे फॅक्टरी' हे पुस्तक आलं. त्यात धूर, उष्मा, मुकादमांची अरेरावी, माणसांचं झिजणं, सगळं न झाकता आहे, आणि त्याने तब्येत बिघडून कारखाना सोडला त्यानंतरच ते छापलं गेलं. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात भरती होऊन तो हिंदुस्थानात आला, परतल्यावर संस्कृत शिकला आणि पंचतंत्रातल्या गोष्टी इंग्रजीत आणल्या. १९३० साली गरिबीत वारला. 'माणूस म्हणजे जळत जाणारं इंधन' ही कल्पना स्विंडनमध्ये पार्ट्रिजच्या आधी सत्तर वर्षं कुणीतरी घामाने लिहून ठेवली होती, असं मला वाटतं. पार्ट्रिजने ते पुस्तक वाचलं होतं असा माझा दावा नाही, फक्त दोघांचं गाव एक.

कारखाना इथेच का झाला, हेही त्या कोळशाशी निगडित आहे. १८४० मध्ये डॅनियल गूचने ग्रेट वेस्टर्नचा मुख्य अभियंता ब्रुनेल याला पत्र लिहून स्विंडन सुचवलं. तेव्हा गूच कंपनीच्या इंजिन विभागाचा प्रमुख होता आणि वय जेमतेम चोविशीच्या आसपास. लंडनपासून इथपर्यंतचा मार्ग जवळजवळ सपाट, पुढे पश्चिमेला चढउतार, त्यामुळे इंजिन बदलायला ही जागा सोयीची. चेल्टनमकडे जाणारा फाटा इथूनच फुटायचा. आणि शेजारून कालवा जात होता, त्यावरून कोळसा आणता यायचा. १८४३ मध्ये कारखाना सुरू झाला. भरात असताना चौदा हजारांवर माणसं तिथे काम करत होती.

ग्रेट वेस्टर्नचा मूळ गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, सात फुटांपेक्षा पाव इंच जास्त, म्हणजे सुमारे २१४० मिलिमीटर होता. भारतातला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे, यावरून अंदाज करा. १८९२ च्या मे महिन्यात तो कायमचा बंद झाला तेव्हा मोडीत जाणाऱ्या आणि बदलायच्या इंजिनांनी, डब्यांनी स्विंडनच्या सायडिंगा मैलोन्‌मैल भरल्या होत्या. संग्रहालयातलं 'नॉर्थ स्टार' त्या काळातलं दिसतं, पण ती १९२५ मध्ये बनवलेली प्रतिकृती आहे. मूळ इंजिन १९०६ मध्ये याच कारखान्याने मोडलं होतं, आणि वीस वर्षांनी ब्रिटनमधल्या रेल्वेच्या शताब्दीच्या मिरवणुकीसाठी लागलं म्हणून पुन्हा बनवावं लागलं! त्यात जुने काही भाग शोधून बसवले आहेत. खरंखुरं जुनं बघायचं तर 'कॅरफिली कासल' बघा, १९२३ चं, इथेच बनलेलं. त्याच्या खालून चालत जाता येतं आणि मोठमोठे दांडे व सिलिंडर डोक्यावर येतात. मला त्याचं चकचकीत हिरवं अंग बघण्यापेक्षा हे जास्त आवडलं. ब्रिटिश रेल्वेसाठी बनलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, 'इव्हनिंग स्टार', १९६० मध्ये इथूनच बाहेर पडलं. मग डिझेल, आणि १९६५ नंतर नवं इंजिन बनवणं संपलं, फक्त दुरुस्ती उरली. बँडमधली मुलं शाळकरी वयाची होती तेव्हाची ही गोष्ट. त्यांना आठवणारा कारखाना हा असा, आधीच उतरणीला लागलेला.

जाताना मुख्य रस्त्याने जाऊ नका. स्टेशनाच्या बाजूला कंपनीने कामगारांसाठी बांधलेली दगडी चाळवजा घरं अजून उभी आहेत, तिथून रुळांखालून एक पादचारी बोगदा कारखान्याकडे जातो. हजारो माणसं भोंग्याबरोबर याच बोगद्यातून आत जायची. भोंगा इतका मोठा की १८७० च्या दशकात शेजारच्या लिडियार्डच्या व्हायकाउंट बोलिंगब्रोकने झोपमोडीची तक्रार केली होती. त्याच वस्तीत कामगारांचा वैद्यकीय निधी चालायचा. १८४७ मध्ये सुरू झालेल्या या निधीत पगारातून वर्गणी कापली जाई आणि बदल्यात डॉक्टर, औषधं, पुढे दवाखाना, न्हाणीघरं मिळत. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या नमुन्यांपैकी एक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. म्हणजे कंपनी माणसाला झिजवायची आणि त्याच्या औषधाची सोयही लावायची. विल्यम्सचं पुस्तक वाचताना हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवावं लागतं.

बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्हाला आधी ब्रँडेड कपड्यांची दुकानं दिसतील. कारखान्याच्या बऱ्याच इमारती १९९७ पासून आउटलेट बाजार झाल्या आहेत. छताचे लोखंडी खांब आणि क्रेनचे रूळ तसेच ठेवलेत. मी गेलो तेव्हा खाण्याच्या जागी टेबलांच्या मधोमध एक मॅनर वर्गाचं इंजिन उभं होतं आणि लोक त्याच्याकडे पाठ करून जेवत होते. काहींना हे बघवत नाही. मला वाटतं, पाडून टाकण्यापेक्षा बरंच.

एक्सटीसीबद्दल काही बघायला मिळेल या आशेने मात्र जाऊ नका, मला तिथे बँडबद्दल काहीच दिसलं नाही. त्यासाठी गाणीच ऐका. याच अल्बममधलं 'द एव्हरीडे स्टोरी ऑफ स्मॉलटाउन' आधी लावा. तेच गाव, पण तिथे पार्ट्रिज त्याच्याकडे हसून बघतोय. मग 'सोल कोल'. त्यानंतर १९८६ च्या 'स्कायलार्किंग'मधलं मोल्डिंगचं 'द मीटिंग प्लेस', ज्यात कारखान्याच्या आसपास भेटणारी जोडी आहे आणि सुरुवातीलाच यंत्रांचा आवाज ऐकू येतो. कारखान्याचा शेवट आणि हा अल्बम एकाच वर्षातले. कारखान्याबद्दलचं गाणं म्हणून कुणी एकच विचारलं तर मी हे सांगेन, 'सोल कोल' नव्हे.

आणि जमलं तर 'द बिग एक्सप्रेस'चं २०२३ चं, स्टीव्हन विल्सनने नव्याने मिक्स केलेलं रूप मिळवा. मूळ ध्वनिमुद्रणात एकमेकांत अडकलेल्या गिटारी त्यात सुट्या ऐकू येतात. लंडनच्या पॅडिंग्टनहून स्विंडन सुमारे तासाभराचा प्रवास आहे, तेवढ्यात अख्खा अल्बम एकदा ऐकून होतो.