ऐकू न येणाऱ्या आजीला साथीच्या काळात अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं आणि आम्हाला आत सोडलं नाही, तर काय करावं?

पाटी न्या. पोरांची असते ती पांढरी, पेनाने लिहून पुसायची. आधार कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी, चार्जर हे तुम्ही नेणारच.

माझ्या आत्येला लहानपणापासून ऐकू येत नाही. गोव्यातल्या डिचोलीत तिचा जन्म गेला तो समोरच्याच्या ओठांकडे बघत. 2020 मध्ये सगळ्यांनी मास्क बांधले आणि ती खरी बहिरी झाली. मे 2021 मध्ये, राज्यात कर्फ्यू लागला त्याच आठवड्यात, तिचा ऑक्सिजन 86 वर आला. बोट पुसलं, चोळून गरम केलं, दुसरं लावून बघितलं. 86च. 108 बोलावली. हॉस्पिटलच्या दारात तिला आत घेतलं, मला बाहेर ठेवलं.

रात्री फोन आला, ‘पेशंट मास्क ओढून काढते, ऐकत नाही, हात बांधावे लागतील.’ ऐकत नाही! अहो, अंगभर किट घातलेला माणूस येतो, डोळेसुद्धा धड दिसत नाहीत, नाकातोंडावर काहीतरी दाबतो. मीही ओढून काढलं असतं. त्या दिवसांत गोव्यात पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान माणसं दगावत होती, ऑक्सिजनचा विषय हायकोर्टात गेला होता. घरी जाऊन भाच्याची पाटी उचलली. नाक्यावर पोलिसानं अडवलं, पाटीकडे बघितलं, सोडलं.

गेटवर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 25 मोबाईलवर काढून दाखवलं. उपचारात प्राधान्य द्या, असं आहे त्यात. वॉचमनला त्याचं काय? शेवटी एका सिस्टरनं किट चढवून दहा मिनिटं आत सोडलं. मी लिहिलं, ‘ही हवा आहे. काढू नको. पालथी झोप.’ आत्येनं वाचलं, पाटी हिसकावून खाली लिहिलं, ‘मानकुराद उतरवले?’ मानकुराद म्हणजे आमचे गोव्याचे आंबे. मग मास्क आपणच नीट केला. हात बांधायची वेळ आली नाही. नवव्या दिवशी घरी.

पुण्याचा माझा थोरला भाऊ अजून म्हणतो, व्हिडिओ कॉल लावून द्यायचा होतास, आत कशाला घुसलास? पालथ्या पडलेल्या बाईनं व्हिडिओ कॉल कुठल्या डोळ्यांनी बघायचा? चतुर्थीला दोन दिवस येणाऱ्यानं हे शिकवू नये.

आता हेही सांगतो. पाचव्या दिवशी मी पॉझिटिव्ह आलो, पाठोपाठ आई. घरी आत्येच्या उशाशी बसूनच लागला असणार, पण तारखा दादाच्या बाजूच्या आहेत. आई पेजेवर निभावली म्हणून मी एवढा बोलतोय. तुमच्याकडे आणखी कोणी म्हातारं असेल तर आत जाणाऱ्यानं परत त्याच घरात झोपू नये.

आणि आजीच्या चष्म्याला दोरी बांधा. आत्येचा तिसऱ्या दिवशी हरवला. पुढे सिस्टर पाटीभर एकच शब्द लिहायच्या, तो पुसून दुसरा.