डुब्रोव्निकला जहाजाने पहिल्यांदा जाताना

नागपूरहून निघण्यापूर्वीच व्हिसा नीट तपासून घ्यावा. डुब्रोव्निक ज्या देशात आहे तो क्रोएशिया २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असला, तरी जहाज वाटेत माँटेनेग्रोतील कोटोरला थांबणार असेल, तर तो देश शेंगेनबाहेर असल्याने एकापेक्षा अधिक प्रवेशांची मुभा देणारा व्हिसाच हवा.

मोठी जहाजे बहुधा ग्रूझ बंदरात लागतात. तेथून जुने शहर सुमारे तीन किलोमीटरवर असून त्याच्या पिले दरवाजापर्यंत शहर बस जाते, त्यामुळे टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करण्यात सकाळ घालवू नये. आत शिरल्यावर आधी जुन्या शहराभोवतीचा दगडी तट चढावा. बाजार कुठे पळून जात नाही. तटावरचा सुमारे १,९४० मीटरचा फेरा एकाच दिशेने चालावा लागतो, पायऱ्या पुष्कळ आहेत, सावली जवळजवळ नाही, आणि पांढुरक्या दगडावरून उलटणारे ऊन थेट डोळ्यांवर येते. तेव्हा 'आम्ही मे महिन्यातले नागपूर सोसतो' ही ऐट बाजूला ठेवून डोक्याला दुपट्टा बांधलेला बरा. रिकामी बाटली सोबत असू द्यावी, कारण पिले दरवाजाजवळच्या पंधराव्या शतकातील ओनोफ्रिओ कारंज्याचे पाणी पिण्याजोगे आहे. तटाचे तिकीट फेकू नये, त्यावरच लोव्रियेनाक किल्लाही पाहता येतो.

स्त्रादुन या मुख्य रस्त्याची फरसबंदी शतकानुशतकांच्या वर्दळीने इतकी गुळगुळीत झाली आहे की पावसाची सर येऊन गेल्यावर चपला हमखास घसरतात. व्यवहार युरोत होतो. घड्याळ मात्र जहाजाच्या वेळेवरच ठेवावे आणि परतीच्या बसला गर्दी होत असल्याने तासभर आधीच निघावे.