अणूचा फोटो खरा की खोटा?

प्रश्न : मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात सिलिकॉनच्या पृष्ठभागाचा ‘फोटो’ आहे, नारिंगी टेकड्यांच्या रांगा. अणू सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही, असं आम्ही शाळेत शिकलो. मग हा फोटो काढला कसा? आणि अणू नारिंगी असतो का? – एक वाचक, परळ

उत्तर : नारिंगी रंग संगणकानं भरलेला. अणूला तसा रंग नसतो. तुम्ही शाळेत शिकलात तेही बरोबर, कारण उजेडाची लाट अणूपेक्षा हजारपटीहून लांब असते. त्यामुळे हा फोटो नव्हेच.

माझी आई भाकरीचा तवा तापलाय का हे बघायला त्याला हात लावत नसे. तळवा वर धरी. इथेही तसंच. अतिशय टोकदार सुई पृष्ठभागापासून एक नॅनोमीटरच्याही (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आत आणायची, पण टेकवायची नाही. थोडा व्होल्टेज दिला की मधली फट ओलांडून इलेक्ट्रॉन जातात. याला टनेलिंग म्हणतात. फट नॅनोमीटरच्या दहाव्या भागानं वाढली, तर करंट साधारण दहापट घटतो. तो करंट कायम राखत सुई फिरवायची. तिला किती वरखाली व्हावं लागलं, त्याचा नकाशा म्हणजे तुमच्या टेकड्या. तोही थेट अणूंचा नव्हे, इलेक्ट्रॉनांचा नकाशा बरं का. ग्राफाइटवर तर बऱ्याचदा एकाआड एकच अणू उठून दिसतो!

हे यंत्र, म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, १९८१ मध्ये झुरिकजवळ बिनिग आणि रोहरर यांनी बनवलं. सिलिकॉनचं गाजलेलं चित्र १९८३ चं, नोबेल १९८६ चं. पण त्याआधी, १९५५ मध्येच, अमेरिकेत एर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादुर यांनी वेगळ्या पद्धतीनं टंगस्टनच्या टोकावरचे अणू पाहिले होते. हे नाव आपल्या पुस्तकांत का नसावं, कोण जाणे.

सिलिकॉनला कडक निर्वात लागतो. हवेच्या अब्जांश दाबातही काही सेकंदांत त्यावर वायूच्या रेणूंचा थर बसू शकतो. ग्राफाइट मात्र सोशिक. मुंबईच्या हवेतही चालतं. मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. ग्राफाइटला चिकटपट्टी लावून वरचा पापुद्रा काढायचा, की खाली कोरा पृष्ठभाग. प्लॅटिनम-इरिडियमची तार पक्कडीनं तिरकी तोडली की झाली सुई. कधी पहिल्या तोडीला जमे, कधी दहाव्या.

छळलं ते हादऱ्यांनी. यंत्र चौथ्या मजल्यावर. दुपारी चित्रात तिरप्या लाटा उमटत, रात्री चित्र स्वच्छ. आठवडाभर वायरी तपासल्या. दोष निघाला शेजारच्या लिफ्टचा. मग अकरानंतर काम आणि शेवटची लोकल. एकदा लिफ्टमनला म्हटलं, ‘अर्धा तास बंद ठेवता का?’ तो म्हणाला, ‘साहेब, एवढं नाजूक होतं तर तळमजल्यावर का नाही बसवलंत?’

पुढच्या वर्षी तिथंच हलवलं.